दोन पाड्यांच्या जमिनीच्या भांडणात बायांनी बोलायचं ते कशाच्या जोरावर?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तुमचं गाव. फॉरेस्टच्या एका तुकड्यावरून वरचा पाडा आणि खालचा पाडा यांच्यात बरीच वर्षं धुसफूस आहे. गेल्या पेरणीच्या वेळी हाणामारी झाली, डोकी फुटली, दोन्हीकडच्या माणसांवर गुन्हे दाखल झाले. आता पोलीस पाटील, सरपंच आणि दोन्ही पाड्यांचे कारभारी बसून समझोता करायच्या तयारीत आहेत. तुम्ही बचत गटांच्या सीआरपी, म्हणजे गट बांधणाऱ्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या आहात आणि दोन्ही पाड्यांत तुमचे गट आहेत. बायांनी त्या बैठकीत असावं असं तुम्हाला वाटतं. माणसं म्हणतात, "बाया आल्या की भांडण वाढेल." आणि बायाच म्हणतात, "आम्ही येऊन काय बोलू?" तर हे कसं जमवावं?

मी वकील नाही. धुळे, नंदुरबार आणि थोडंफार जळगावच्या चोपडा-यावल पट्ट्यात, जमीन आणि बाईचा हक्क या एकाच विषयात बरीच वर्षं काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, बायांना बैठकीत नुसतं बसवणं हा तुमच्या प्रश्नाचा सोपा भाग आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या समित्यांत बायांची नावं आहेत. त्या येतात, सतरंजीच्या कडेला बसतात, दाखवतील तिथे सही करतात आणि चहा झाला की उठतात. तुमच्याही बैठकीत एवढं उद्या होऊ शकेल. फोटोही निघेल.

खरी अडचण वेगळी आहे. पंच बसतात तेव्हा ज्याच्या नावावर कागद किंवा दावा असतो तो पक्षकार, बाकी सगळे ऐकणारे. "आम्ही काय बोलू" हे तुमच्या बायांचं लाजणं समजू नका. आपल्याला ऐकायला बोलावलंय हे त्यांना बरोबर कळलेलं असतं. म्हणून माझ्या कामात सगळा भर बैठकीच्या आधीच्या महिन्यावर असतो. जमिनीबद्दल बायांना जे माहीत आहे त्याचा तेवढ्या वेळात कागद करायचा. बैठकीत त्या कागदावर चर्चा करणं पंचांना भाग पडलं, की बाई आपोआप पक्षकार होते, मग ती पुढे बसो की मागे.

पण त्याआधी एक गोष्ट तपासावी लागेल, जी तुम्ही लिहिलेली नाही. ही जमीन कागदोपत्री नेमकी कोणत्या प्रकारची आहे? "फॉरेस्टची" म्हटलं की आपल्याकडे त्यातून चार निरनिराळ्या गोष्टी निघतात. कुणाचा वनहक्काचा दावा मंजूर होऊन पट्टा हातात आलेला असतो. कुणाचा दावा प्रांताकडच्या उपविभागीय समितीत नाहीतर जिल्हा समितीत पडून असतो. कुणी १३ डिसेंबर २००५ नंतर, म्हणजे वनहक्क कायद्याच्या मुदतीनंतर, नवीन जंगल तोडून खेडलेलं (नांगरलेलं) असतं. आणि कुठे ती फॉरेस्टची नसतेच, गायरान असतं किंवा जुना एकसाली प्लॉट, म्हणजे वर्षाच्या करारावर कसायला दिलेला तुकडा असतो.

पट्टा असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) वाचा. जोडपं असेल तर पट्टा दोघांच्या नावे, आणि घरात एकच कर्ता माणूस असेल, बाई का असेना, तर तिच्या एकटीच्या नावे. म्हणजे पट्टेदाराची बायको तिथे प्रेक्षक नाही, धारक आहे, आणि तिच्या सहीशिवाय झालेला समझोता अर्धाच म्हणायचा. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी कारभाऱ्यांना सांगावी लागते. हा हक्क वारसाने जातो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा "तू एक एकर सोड, मी केस मागे घेतो" असा सौदा पट्ट्याच्या जमिनीवर टिकत नाही. हद्द नेमकी कुठे आहे एवढंच ठरवता येतं.

दावा पडून असेल तर काम उलट सोपं आहे, कारण अशा भांडणाची वाट नियमांतच दिलेली आहे. दोन ग्रामसभांचे दावे एकमेकांवर चढत असतील तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, कोण काय वापरतं ते पाहायचं आणि आपला निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचा. तरीही नाही मिटलं तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. तुमचे दोन पाडे एकाच ग्रामसभेत असतील तर एकच समिती दोघांचं ऐकेल. आणि वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असणं बंधनकारक आहे. मग पंचांच्या बैठकीत बायांना घ्या म्हणून कुणाच्या विनवण्या कशाला करायच्या? बैठक वनहक्क समितीची आहे असं ठरवून घ्या. पंच, कारभारी, पोलीस पाटील मोठ्या मनाने येऊन बसू देत. पण लिहिणार समिती आणि मंजूर करणार ग्रामसभा. या कायद्याखालच्या ग्रामसभेला २०१२ च्या दुरुस्तीनंतर निम्मी हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. तेवढ्या नसतील तर गणपूर्तीच होत नाही. ज्या कारभाऱ्याला कालपर्यंत बाया नको होत्या, तोच मग घरोघर निरोप धाडतो. हे होताना मी पाहिलं आहे, आणि हसू दाबलं आहे.

२००५ नंतरची खेडलेली असेल तर मात्र कडू बोलावं लागेल. त्या तुकड्यावर दोन्ही पाड्यांपैकी कुणाचाच वैयक्तिक हक्क लागत नाही. दोघांनी गळाभेट घेऊन वाटून घेतली तरी फॉरेस्टवाले दोघांनाही उठवू शकतात. अशा जागी सामूहिक वनहक्काचा विचार करा. तुकडा कुणीच नांगरायचा नाही; चारा, महू (मोहाची फुलं), टेमरू (तेंदू) दोघांनी घ्यायचं आणि राखणही दोघांनी करायची. माझ्या अनुभवात हा मार्ग बहुतेक वेळा बायाच आधी सुचवतात. त्यांचं जंगलातलं काम तसंही वाटून आणि सोबतीनेच चालतं.

आणि मालकीची निघाली तर? तेव्हा सातबारा, फेरफार, मोजणी हे सगळं आलं. कुटुंब हिंदू वारसा कायद्याखालचं असेल तर मुलींचा वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलाच्या बरोबरीने आहे. पण तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि तुमच्याकडचे भिल्ल, पावरा, तडवी सगळे त्यात येतात. तिथे रूढीवर बोट ठेवून बाईला बाहेर काढतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर समानतेच्या तत्त्वाने तिच्या वारसांना बरोबरीचा वाटा मिळतो. गावच्या बैठकीत निकालपत्र कुणी वाचत नाही, तरी "रूढीच तशी आहे" असं कुणी म्हणालं तर "दाखवा, कुठे आहे?" असं शांतपणे विचारण्याइतका आधार त्यातून मिळतो. दोन शेतकऱ्यांकडे चुकून एकमेकांची जमीन बारा वर्षांहून अधिक काळ कसायला असेल तर २०२३ ची सलोखा योजना बघा. नाममात्र मुद्रांक आणि नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त होतो. मात्र दस्तावर कुणाकुणाची नावं लागतात, ते सही करायच्या आधी बघा.

दुसरा पाडा आदिवासी नसेल, भांडण आदिवासी आणि बिगर-आदिवासी यांच्यात असेल, तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा. तिथे जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ, १९७४ चा आदिवासींची जमीन परत करण्याचा कायदा आणि अॅट्रॉसिटीचा कायदा येतो. ते प्रकरण गावच्या सतरंजीवर मिटवायचं नसतं.

आता मुख्य कामाकडे येते. बायांच्या माहितीचा कागद करायचा कसा?

शिवारफेरी करा, पण दोन्ही पाड्यांच्या बायांची वेगवेगळी. आधी एकत्र नको. सोबत तरुण मुलगी एक, वही आणि मोबाइल, माणसं नकोत. "हद्द कुठे आहे?" असं विचारायचंच नाही. हा प्रश्न माणसांनी इतका घासलेला आहे की उत्तरही घासलेलंच येतं. त्याऐवजी कामाचं विचारा. इथे निंदायला कोण यायचं? महू कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत वेचता? झिरा (पाण्याचा झरा) कुठला, उन्हाळ्यात शेवटपर्यंत पाणी कुठे राहतं? बकऱ्या कुठून न्यायच्या नाहीत? आंबा कुणाचा, आमचूर कोण करतं? बाया चालता चालता बोलतात, आणि प्रत्येक उत्तराला एखादं झाड, दगड नाहीतर नाला चिकटलेला असतो.

अशाच एका फेरीत पुढचा प्रसंग मी पाहिला. शेताच्या कडेला वेचून टाकलेल्या दगडांचा लांबट ढीग होता. बरोबरची म्हातारी त्यावर टेकली आणि म्हणाली, "हे दगड मी वेचलेत. शेवटचा पोऱ्या तेव्हा पाठीवर बांधलेला होता." आम्ही त्या मुलाचा शाळेचा दाखला काढला. त्यावर जन्मतारीख होती, आणि तीवरून त्या जमिनीवर कष्ट कधी झाले याचं वर्ष निघालं, ते २००५ च्या खूप आधीचं. ढिगाचा फोटो, जीपीएसचा बिंदू, दाखल्याची झेरॉक्स आणि म्हातारीचा अंगठा, एवढं मिळून एक पान झालं. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून जमिनीवरच्या खुणा चालतात: सपाटीकरण, बांध, ताली. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि हे दोन्ही प्रकार बायांकडेच जास्त निघतात. मात्र एक बघा, स्वतःच्या दाव्यासाठी स्वतःचाच जबाब वडीलधाऱ्याचा म्हणून धरत नाहीत. म्हातारीचं घर दावेदार असेल तर तिचं म्हणणं दाव्यातच लिहा आणि जबाब दुसऱ्या घरच्या म्हातारीचा घ्या.

ही दुसऱ्या घरची म्हातारी शोधताना तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडेल. दोन पाड्यांत सोयरिकी असणारच. वरच्या पाड्याची लेक खालच्या पाड्याची सून असते. तिला दोन्हीकडचं शिवार माहीत असतं, लहानपणी एका बाजूने बकऱ्या चारलेल्या आणि लग्नानंतर दुसऱ्या बाजूने गवत कापलेलं. वादाच्या जमिनीवर माहेरच्या बाजूने नांगर चालायचा की सासरच्या, हे तिच्याइतकं खात्रीने कुणी सांगू शकत नाही. समोरच्या पाड्याच्या लेकीने दिलेला जबाब पंचांना सहज बाजूला सारता येत नाही. पण सावध राहा. तिला एकटीला बोलायला लावू नका, सगळा राग तिच्यावर निघेल. अशा चार-सहा जणी मिळून बोलू देत. तिचं नाव चारचौघांत येऊ द्यायचं की नाही, हेही तिलाच ठरवू द्या.

आता "बाया आल्या की भांडण वाढेल" याचं. या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करून टाका. बाया आल्या की जास्तीचे विषय निघतात. माणसांचं भांडण एकरांचं असतं, बाया रस्ता काढतात, झिरा काढतात, महू काढतात, मागच्या वर्षी कुणी कुणाच्या बकऱ्या कोंडल्या तेही काढतात. पंचांना वाटतं, विषय वाढला. पण ते विषय कागदावर आले नाहीत तर ते मिटत नाहीत, नुसते बैठकीबाहेर राहतात. अक्राणीकडच्या (धडगाव तालुक्यातल्या) एका गावात पंचांनी नाल्याला हद्द धरून भांडण तोडलं. दिसायला स्वच्छ तोड होती. झिरा नाल्याच्या पलीकडे गेला, हे कुणी लक्षात घेतलं नाही, कारण हंडा घेऊन जाणारं कुणीच त्या बैठकीत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याला गेलेल्या पोरींना अडवलं, पोरींचे भाऊ धावले, आणि पुन्हा काठ्या निघाल्या. मी गेले ती त्यानंतर. हद्द तीच ठेवली, फक्त झिऱ्यापर्यंतची पायवाट दोन्हीकडच्यांना बारमाही खुली राहील एवढं लेखी केलं. अशी उदाहरणं कारभाऱ्यांना सांगा. हक्काची भाषा त्यांना टोचते. भांडण पुन्हा उभं राहील म्हटलं की ते कान देतात.

आपल्याच भागाचा इतिहासही हाताशी ठेवा. १९७२ च्या भूमुक्ती मेळाव्यानंतर शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्या लढ्यातले आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांचं नाव तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना नक्की ठाऊक असेल. त्या लढ्यात बाया सगळ्यांत पुढे होत्या. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. पण पुढे १९७४ च्या कायद्याने ज्या जमिनी परत मिळायच्या त्या मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना, आणि खातं पूर्वापार माणसाचंच. नर्मदेच्या काठावरही तेच. मणिबेलीपासून धडगावपर्यंत बाया धरणाविरुद्धच्या आंदोलनात होत्या, आणि १९७९ च्या नर्मदा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात मात्र पुनर्वसनासाठी सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला होता, सज्ञान मुलगी नव्हती. मोर्चा बाईचा आणि कागद माणसाचा, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. आंदोलनांनी यावर काही केलंच नाही असं मात्र नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढे बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली, आणि १९९२ च्या सरकारी परिपत्रकाने नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय झाली. ती सोय आजही वापरता येते. तलाठी "असं काही नसतं" म्हणाला तर परिपत्रकाची प्रत दाखवा.

इथवरचं थोडक्यात: आधी जमिनीचा प्रकार ठरवा, मग बायांच्या वेगळ्या फेऱ्या, त्यातून लेखी पानं, आणि ती पानं समितीच्या दप्तरात बैठकीच्या आधी पोच घेऊन दाखल. पोच महत्त्वाची. ऐन बैठकीत काढलेलं पान "नंतर बघू" म्हणून खिशात जातं.

शांततेच्या कामात बायांबद्दल एक गोड समज पसरलेला आहे. बाई म्हणजे जोडणारी, समजूतदार, तिला आणलं की माणसं थंड होतात. प्रशिक्षणात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २००० सालचा १३२५ क्रमांकाचा ठराव सांगतात, तेव्हाही ऐकणाऱ्यांच्या डोक्यात बऱ्याचदा हेच राहतं. प्रत्यक्षात तो ठराव निर्णयाच्या जागेवर बाई असण्याबद्दल आहे. आपल्याकडे "जोडणारी" म्हणून आणलेल्या बाईकडून पहिली अपेक्षा सोडून देण्याची असते. भावासाठी हक्कसोड कर, पाड्यासाठी वाट सोड, गावच्या नावासाठी तक्रार मागे घे. तुम्ही सीआरपी म्हणून बायांना "शांततेसाठी या" असं सांगू नका. "तुमच्या जमिनीचा निर्णय आहे" असं सांगा. निरोप बदलला की येणाऱ्याही बदलतात. गटाच्या अध्यक्षा, सचिवांऐवजी ज्यांचं शेत त्या तुकड्यात आहे त्या येतात. त्याच यायला हव्यात.

यातला सगळ्यांत धोक्याचा भाग एकट्या बाईचा. समझोत्यात दोन्ही बाजूंचं समाधान करायला जमीन थोडी कमी पडते. ती कुणाच्या वाट्यातून काढायची? जिच्या मागे भांडायला कुणी नाही तिच्या. विधवा, टाकलेली, मूल नसलेली, किंवा म्हातारपणी माहेरी परतलेली. पंच हे दुष्टपणाने करतात असं नाही, त्यांना ते सोपं पडतं. म्हणून बैठकीआधी दोन्ही पाड्यांतल्या एकट्या बायांची यादी करा आणि प्रत्येकीच्या खेडीच्या तुकड्याचं वेगळं पान करा. पट्टा तिच्या एकटीच्या नावे होऊ शकतो हे तिला आणि समितीला दोघांनाही सांगा. घरात दोन बायका असतील तर जास्त काळजी घ्या. कागदावर एकीचंच नाव चढतं आणि दुसरी आयुष्यभर त्याच शेतात राबून बिनकागदाची राहते. तिच्या कसण्याची नोंद निदान ग्रामसभेच्या ठरावात घेऊन ठेवा.

आणि एखादीबद्दल अचानक "ती डाकीण आहे" अशी कुजबुज सुरू झाली तर थांबा आणि तिच्या जमिनीकडे बघा. सातपुड्यात या आरोपाच्या मागे किती वेळा शेताचा तुकडा असतो, हे या भागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हा समझोत्याची बैठक पुढे ढकला, आधी तिला सुरक्षित करा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यासाठीच आहे, आणि ठाण्यात लेखी तक्रार द्यायला गटातल्या सगळ्या जणींनी बरोबर जावं. हा विषय पंचांच्या पुढे ठेवायचाच नाही. तसंच हाणामारीत बाईवर हात टाकला गेला असेल, विनयभंग किंवा त्याहून वाईट काही झालं असेल, तर ते जमिनीच्या तडजोडीत मिसळू देऊ नका. "तुमची केस मागे, आमची केस मागे" या हिशेबात तिची तक्रार पहिली गायब होते. बाकीच्या गुन्ह्यांत कोणते तडजोडीचे आणि कोणते नाहीत, हे तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या वकिलाला फुकट विचारता येतं. पंचांनी परस्पर आश्वासन देण्याआधी ते विचारून घ्या.

बैठकीची वेळही बघा. दिवाळीनंतर तुमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत असतात, होळीला परततात. माणसं परतल्यावर आणि मृगाच्या पेरणीआधी जो वेळ मिळतो तोच आपला. पेरणी तोंडावर आल्यावर ठरवायला बसलात तर जो आधी तिफण घालील तोच जिंकतो. बाजारचा दिवस टाळा. संध्याकाळी दिवेलागणीलाही नको, तेव्हा बाया चुलीपाशी आणि काही माणसं पिऊन. सकाळी, जमलं तर वादाच्या शिवारातच, झाडाखाली. शिवारात बसलं की बोट दाखवून बोलता येतं, आणि बायांना बोट दाखवून बोलणं सोपं जातं. बोलीचीही काळजी घ्या. बाया भिलोरीत किंवा पावरीत बोलू देत, लिहिणारा मराठीत लिहील आणि पुन्हा त्यांच्या बोलीत वाचून दाखवील. वाचून दाखवल्याशिवाय कुणी अंगठा द्यायचा नाही, हे गटात आधीच पक्कं करा.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरातच होते. तुम्ही ती खरोखर घ्या. दोन्ही पाड्यांच्या बायांना तिथे पहिल्यांदा एकत्र बसवा, आणि शिवारफेरीतून निघालेल्या गोष्टींपैकी ज्यावर दोन्हीकडच्यांचं एकमत आहे तेवढ्याचाच ठराव घ्या. समजा झिरा, पायवाट, महूची झाडं आणि एकट्या बायांचे तुकडे एवढ्यावर एकमत झालं. हद्दीवर नाही झालं, तर ते तसंच राहू द्या. चार मुद्दे आधीच मिटलेले घेऊन बाया मोठ्या बैठकीला आल्या की माणसांना भांडायला एकच मुद्दा उरतो.

समझोत्याच्या कागदात पट्टेदार किंवा दावेदार म्हणून नवरा-बायको दोघांची नावं हवीत, आणि "अमुक व इतर" असं नको, प्रत्येकाचं पूर्ण नाव. हद्द शब्दांत आणि नकाशात, दोन्ही. वाट, पाणी, चारा आणि झाडं यांची वेगळी कलमं. पुढे तंटा झाला तर आधी कुणाकडे जायचं, तिथे दोन्ही पाड्यांच्या दोन-दोन बाया असतील हे लिहिलेलं. हद्दीचे दगड कागदावरची शाई वाळायच्या आत रोवा, मृगाच्या आधी, आणि रोवताना बायांना तिथे उभं ठेवा. सरपंच बाई असेल आणि तिच्या जागी तिचा नवरा सही करायला पुढे आला तर कागद त्याच्यापुढून उचला. त्या सहीला काहीच अर्थ नाही, आणि पुढे कुणीतरी कोर्टात नेमकं तेच दाखवेल.

तुम्हाला स्वतःला यात त्रास होईल का? होऊ शकतो. सीआरपीचं मानधन, गावातली उठबस, सासरचे कुठल्या पाड्याचे, हे सगळं आडवं येतं. तुम्ही स्वतः कुठल्या पाड्याच्या हे लिहिलेलं नाही. एका बाजूच्या असाल तर दुसऱ्या पाड्याची शिवारफेरी तुम्ही करू नका, प्रभाग संघातून (आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या संघातून) बाहेरच्या गावची सीआरपी मागवा. तुमच्यावर संशय आला की बायांनी दिलेली पानंही संशयात येतात.

या आठवड्यात एवढंच करा. ग्रामपंचायतीतून वनहक्क समितीच्या सदस्यांची यादी मागा आणि त्यात बाया किती आहेत ते मोजा. एक तृतीयांश नसतील तर आधी ग्रामसभेत समिती दुरुस्त करून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं सगळं आक्षेपात अडकेल. मग दोन्ही पाड्यांतल्या पाच-सहा घरांचे कागद बघा: पट्टा, दाव्याची पोच, नाहीतर जुना प्लॉटचा दाखला. काय निघालं ते इथेच लिहा, नावं न देता. ठरावाचा मसुदा त्यावरून ठरेल, आणि तो मी लिहून देईन.